बाळाचा रॅप किती वारी?

विणलेला रॅप घ्यायला निघालेले आई-बाबा बहुधा पहिल्यांदा हेच विचारतात, "बाळ तीन महिन्यांचं आहे, कुठला नंबर घेऊ?" पण इथे बाळाच्या वयाचा फारसा संबंध नाही. झबलं बाळाच्या मापाचं घ्यायचं, रॅप मात्र ज्याच्या अंगावर गुंडाळला जाणार त्याच्या मापाचा. साडेचार मीटर कापडातलं बाळाच्या वाट्याला येतं ते हातभर, फार तर दोन हात. बाकी सगळं आपल्या पाठीवरून, खांद्यांवरून आणि कमरेभोवती फिरतं. म्हणून टेप घेऊन उभं राहायचं ते आपण. बाळ तोवर झोपलेलं असलं तरी चालेल, किंबहुना झोपलेलंच बरं.

इथे रॅप म्हणजे बक्कल, पट्टा, कडी काही नसलेलं लांब सरळ कापड, साधारण ७० सेंटीमीटर पन्ह्याचं आणि घट्ट विणीचं. बनियनसारख्या ताणणाऱ्या कापडाचा स्ट्रेची रॅप वेगळा. तो बहुतेक एकाच लांबीत येतो आणि त्यात नंबराचा प्रश्न नसतो. विणलेल्या रॅपचा आजचा बाजार युरोपात उभा राहिला. एरिका हॉफमान या जर्मन बाईंना जुळी मुलं होती. त्यांनी १९७२ साली डिडिमॉस ही कंपनी काढली आणि लॅटिन अमेरिकेत मूल अंगाशी बांधायची जी रीत होती तिला जर्मनीच्या गावा-शहरांत गिऱ्हाईक मिळालं. आपल्याकडे शेताच्या बांधावर लुगड्याची झोळी कधीचीच आहे. तिला नंबर नव्हते, एवढंच.

ते नंबर आधी समजून घेऊ. कंपनीगणिक दहा-वीस सेंटीमीटरचा फरक पडतो, पण साधारण हिशेब असा:

नंबर २ – २.७ मीटर
नंबर ३ – ३.२ मीटर
नंबर ४ – ३.६ मीटर
नंबर ५ – ४.२ मीटर
नंबर ६ – ४.६ मीटर
नंबर ७ – ५.२ मीटर
नंबर ८ – ५.६ मीटर

हे पाठ करायची गरज नाही. सहावारी-नऊवारीच्या हिशेबात वाढलेल्या माणसाला यातली गंमत लगेच कळेल. नंबराचे निम्मे करा, त्यात दोन मिळवा, तितके वार. २ नंबर म्हणजे तीन वार, ४ म्हणजे चार, ६ म्हणजे पाच आणि ८ म्हणजे सहा. विषम नंबर आला की अर्धा वार: ५ नंबर साडेचार वारी. मोठ्या नंबरांत, म्हणजे ७ आणि ८ मध्ये, प्रत्यक्षात अर्धी-पाऊण वीत जास्त निघते. बाकी हिशेब बोटभर इकडेतिकडे जुळतो. दोन नंबर कमी म्हणजे एक वार कमी, हे मात्र लक्षात ठेवा. पुढे सगळीकडे तेच लागणार आहे.

आता मूळ माप काढायचं. रॅप वापरणाऱ्या बायका याला 'बेस साइज' म्हणतात. फ्रंट रॅप क्रॉस कॅरी नावाची एक बांधणी आहे. बाळ छातीशी, कापड आपल्या पाठीवर फुली मारून खांद्यांवरून पुढे येतं, बाळाच्या बुडाखाली पुन्हा फुली मारून मागे जातं आणि कमरेमागे गाठ बसते. ही बांधणी नीट घट्ट करून गाठीनंतर वीत-दीड वीत टोकं उरतात तो नंबर तुमचा मूळ नंबर. बाकी सगळ्या बांधण्या या मापाच्या पुढे-मागे मोजतात.

घाईत अंदाज हवा असेल तर छातीच्या घेरावरून बांधता येतो. चौतीस इंचांपर्यंत ५, छत्तीस ते चाळीस इंचांना ६, त्यापुढे ७. घेर आजचा घ्यायचा, लग्नातल्या ब्लाउजचा नाही. उंचीने फारसा फरक पडत नाही. उंच आणि सडपातळ बाईला ५ पुरतो, बुटक्या आणि भरलेल्या अंगाच्या बाईला ७ लागतो. ज्यांचे खांदे रुंद आहेत त्यांनी मात्र अंदाजात एक नंबर वर धरावा. या कापडाचे हजारो रुपये मोजायचे असतात, तेव्हा अंदाजावर न थांबता अर्धा तास काढून घरीच माप घ्यावं. त्यासाठी लागणारी वस्तू कपाटात आहेच.

जुनी सुती सहावारी घ्या. रेशमी, शिफॉन, जॉर्जेट नको. ती घसरते आणि माप खोटं येतं. साडी आधी टेपने मोजा. ब्लाउजपीस कापलेलं असेल तर साधारण साडेपाच मीटर भरते, जोडलेलं असेल तर सव्वासहाच्या आसपास. मोजलेला आकडा लिहून ठेवा. साडीचा पन्हा ११०-११५ सेंटीमीटर असतो आणि कापड पातळ असतं, म्हणून ती उभी दुमडून, काठाला काठ लावून दुहेरी करा. आता ती रॅपच्या जवळपास जाडीची झाली. पन्हा रॅपपेक्षा थोडा कमी पडतो, पण लांबीचं माप काढायला तेवढा चालतो. लांबीचा मध्य काढून तिथे रंगीत दोऱ्याचा एक टाका घाला. खऱ्या रॅपलाही मधोमध काठावर अशी खूण असते, ती उगीच नसते.

बाळाच्या जागी छोटा लोड घ्या, किंवा दुपट्यात गच्च गुंडाळलेली चादर. अंगात रोजचा कुर्ता असू द्या. मग:

१. मध्याची खूण छातीच्या मधोमध ठेवा. कापड छातीवर आडवं पसरा, वरचा काठ गळ्याच्या जरा खाली.

२. दोन्ही बाजू काखेखालून मागे न्या. पाठीवर फुली मारा आणि उजवीकडची डाव्या खांद्यावरून, डावीकडची उजव्या खांद्यावरून पुढे आणा. पाठीवर पीळ पडला नाही ना, ते आरशात बघा किंवा घरातल्या कुणाला बघायला सांगा. पीळ कापड खातो.

३. छातीवर जो खिसा तयार झाला त्यात लोड उभा सोडा. वरचा काठ लोडाच्या 'मानेपर्यंत' यायला हवा.

४. आता घट्ट करा. सगळी गोम इथे आहे. एकदम हिसका देऊन ओढायचं नाही. आधी वरचा काठ, मग मधला भाग, मग खालचा काठ, असं पट्ट्या-पट्ट्याने सैलपणा खांद्याकडे सरकवत न्यायचा. उजव्या काखेपाशी सैल पडलेलं कापड बोटांनी पाठीमागून डाव्या खांद्याकडे सारत आणलं की हातात चांगलं वीतभर कापड येतं. दुसऱ्या बाजूनेही तसंच. पुढे वाका: लोड छातीपासून सुटून लोंबकळला तर अजून सैल आहे.

५. दोन्ही टोकं लोडाच्या बाजूंनी खाली आणा, बुडाखाली फुली मारा, बाळाचे पाय जिथे असतील त्याखालून मागे न्या आणि कमरेवर दोनदा गाठ मारा.

गाठीपासून प्रत्येक टोक किती उरलं ते मोजा. प्रत्येकी ३० सेंटीमीटर ठेवायचे, वरचं सगळं जास्तीचं. समजा साडी साडेपाच मीटर होती आणि दोन्हीकडे ७५-७५ सेंटीमीटर उरले. प्रत्येकी ४५ जास्त, म्हणजे एकूण ९०. साडेपाचातून नव्वद सेंटीमीटर वजा केले, राहिले ४.६ मीटर. तुमचा मूळ नंबर ६, पाच वारी.

मोजताना एकच गोष्ट सांभाळा. सैल बांधलं की माप फुगतं. चौथी पायरी उरकून टाकली तर त्याच बाईचं माप ६ ऐवजी ७ येतं, मग ७ नंबरचा रॅप येतो, पुढे घट्ट बांधायचा हात बसतो आणि टोकं पोटऱ्यांशी लोळायला लागतात. म्हणून मोजणी दोनदा करा, दुसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी. दोन्हींतलं कमी माप खरं.

माप दोन नंबरांच्या मधे आलं, समजा ४.४ मीटर, तर वरचा नंबर घ्या. लांब टोक पुढे आणून पुन्हा एक गाठ मारता येते, आखूड टोकाला काही करता येत नाही. आई आणि बाबा दोघेही वापरणार असतील तर दोघांत ज्याचं माप मोठं त्याचा नंबर. नातवंडाला आजी-आजोबा घेणार असतील तर त्यांचंही माप घ्या. पण सगळ्यांना पुरावा म्हणून थेट ८ नंबर घेऊन ठेवायची युक्ती मला पटत नाही. सहा वार कापड रोज गुंडाळायचा कंटाळा येतो आणि आठवड्याभरात रॅप कपाटात जातो.

कापड जाड असेल तर ते जास्त लांबी खातं. रॅपची जाडी चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये, म्हणजे जीएसएममध्ये सांगतात. १८०-२२० हे पातळ, २५०-२६०च्या पुढे जाडच. जाड कापडाची गाठही मुठीएवढी होते. तेव्हा माप काठावर असेल आणि कापड जाड असेल तर एक नंबर वर. बाळ वाढेल म्हणून मात्र वरचा नंबर घ्यायची गरज नसते. चार किलोंचं बाळ दहा किलोंचं होईपर्यंत जेमतेम वीत-दीड वीत कापड जास्त खातं, आणि तोवर आईचं बाळंतपणातलं अंगही उतरलेलं असतं. निदान तशी आशा असते.

इथपर्यंत मूळ माप कळलं. याचा अर्थ तोच नंबर विकत घ्यायचा असा नाही, कारण पुढचा प्रश्न तुम्ही बाळ कुठे आणि कसं बांधणार हा आहे.

बाळ पाच महिन्यांच्या आतलं असेल आणि रॅप एकच घ्यायचा असेल तर मूळ नंबरच घ्या. तान्ह्या बाळाला छातीशी दोन्ही खांद्यांवर भार देऊन बांधायला फ्रंट रॅप क्रॉसपेक्षा सोपी आणि भरवशाची बांधणी नाही, आणि शिकायलाही हीच आधी. बाळ बसायला लागलं असेल तर माझं मत वेगळं आहे: सरळ दोन नंबर खाली या, एक वार कमी. त्यात रक म्हणजे दप्तरासारखी पाठुंगळी बांधणी होते, कडेवर बांधायची रॉबिन्स हिप कॅरी होते, आणि पुढे बांधायची कांगारू होते. सहा महिन्यांचं मूल आपल्याकडे तसंही छातीशी कमी आणि कडेवर जास्त असतं. ज्यांचा मूळ नंबर ६ त्यांना ४ नंबर, चार वारी, पुरतो. मूळ ७ असेल तर ५. मान पक्की धरल्याशिवाय पाठीवर बांधायचं नाही, आणि पहिले काही दिवस पलंगाच्या काठाशी उभं राहून, मागे कुणीतरी असताना बांधायचं.

मूळ मापापेक्षा चार नंबर खाली, म्हणजे दोन वार कमी, हा सर्वांत आखूड प्रकार. बहुतेकांसाठी तो २ नंबर. त्याची सरगाठ मारून एका खांद्यावरून कडेला झोळी करतात. बाळाला दहादा उचलायचं-ठेवायचं असतं तेव्हा, म्हणजे भाजी आणायला, जिना उतरायला, अंगणात फिरवायला, तो सोयीचा. मात्र सगळा भार एकाच खांद्यावर येतो. तासभर उभं राहायचं असेल तर तो नको. पहिला आणि एकमेव रॅप म्हणूनही तो नको.

मग हवा. वैशाखात नागपुरात किंवा चंद्रपुरात बाळाच्या अंगावर कापडाचे तीन थर घालणं मला योग्य वाटत नाही. फ्रंट रॅप क्रॉसमध्ये बाळाच्या पाठीवर मुळात एकच थर असतो, पण खांद्यांवरून येणारे पट्टे बाळावर पसरले तर तीन होतात. ते गोळा करून बाळाच्या बाजूंनी न्यावेत. रक, कांगारू आणि रॉबिन्स हिप या तिन्ही एका थराच्या, आणि तिन्हींना एक वार कमी लागतं. म्हणजे उन्हाच्या गावात आखूड रॅप स्वस्त पडतो आणि थंडही. कोकणात किंवा गोव्यात घामाचा प्रश्न असतो. तिथे लांबीपेक्षा कापडाकडे बघा: पातळ सुती किंवा सुती-लिनन, २००च्या आसपास जीएसएमचं.

रस्त्यावर बांधायचं असेल तर लांबी बोचते. पाच वारी रॅप फलाटावर उभं राहून बांधताना दोन्ही टोकं जमिनीला लागतात, पावसाळ्यात तर चिखलातच. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत घरीच बांधून निघायचं, टोकं कमरेशी खोचायची, आणि गाडीतून उतरल्यावर बाळ खिशात सोडून घट्ट करायचं. रोज लोकलने जाणाऱ्या आईने आखूडच घ्यावा. स्कूटरवर तर रॅपमध्ये बाळ न्यायचंच नाही. ओढणीसारखंच याचंही टोक चाकात जाऊ शकतं. शिवाय दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला सेफ्टी हार्नेस लावायचा, नऊ महिन्यांपुढच्याला हेल्मेटही, हा २०२२ साली आलेला केंद्राचा नियम आहे. रॅप म्हणजे तो हार्नेस नव्हे.

विकत घेताना नुसता नंबर विचारू नका, "धुतल्यावर किती मीटर भरतो?" असं विचारा. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, हातमागाचं जरा जास्तच. वापरलेला रॅप घेत असाल तर हा प्रश्न मिटलेला असतो आणि कापडही मऊ झालेलं असतं. मला वापरलेला रॅप नव्यापेक्षा बरा वाटतो. घरी आल्यावर जमिनीवर पसरून मोजा. टोकं तिरकी कापलेली असतील तर दोन्ही काठ वेगळे मोजून सरासरी धरा. मग उजेडासमोर धरून विरलेली जागा, निसटलेला धागा, उसवलेली शिवण बघा.

घरीच शिवायचा असेल तर मूळ मापावर मीटरमागे पाच सेंटीमीटर आटण्यासाठी वाढवून कापड आणा, आधी धुवा, मग कापा. उरेब म्हणजे कापडाची तिरकी दिशा, हे शिंप्याला सांगावं लागत नाही. कापड तिरकं ओढून बघा. चांगल्या रॅपचं कापड उभं-आडवं फारसं ताणलं जात नाही, उरेब मात्र थोडं देतं. त्यामुळेच ते बाळाच्या पाठीला वळण घेऊन बसतं. मलमल, कॅम्ब्रिक, पॉपलिनचं कापड रॅपला चालत नाही. ते खांद्यात रुततं. मघाची दुमडलेली साडीही याच कारणाने मापापुरती चांगली. शिवाय जुनी झाल्यावर ती कुठे फाटेल याचा भरवसा नसतो. लांबीच्या मधे जोड असलेलं कापड तर मुळीच घेऊ नका.

नंबर चुकल्याचं अंगावर लगेच दिसतं. आखूड पडला की गाठ कमरेच्या मध्यावर येत नाही, एका बाजूला सरकते, आणि टोकं चार बोटांची उरतात. अशी गाठ सुटते. त्यातही वाईट म्हणजे गाठ पुरवावी म्हणून आपण बाळाच्या मांड्यांखालचं कापड गोळा करून ओढतो. मग गुडघे खाली येऊन पाय सरळ लोंबतात. कापड एका गुडघ्याच्या मागच्या खाचेपासून दुसऱ्याच्या खाचेपर्यंत पसरलेलं हवं आणि गुडघे बुडापेक्षा वर. लांब झाला की उलटं: जास्तीचं कापड कमरेला गुंडाळत राहतो, उकडतं, आणि जिन्यावर टोक पायाखाली येतं.

नंबर कोणताही असो, बांधून झाल्यावर चेहरा उघडा आणि दिसता हवा, मान जराशी झुकवली की बाळाच्या कपाळाचा मुका घेता यायला हवा, आणि हनुवटी छातीला टेकलेली नको. तिथे दोन बोटं मावायला हवीत. वजन कमी असलेलं किंवा दिवसांआधी झालेलं बाळ असेल तर रॅप घ्यायच्या आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. गॅसपाशी उभं राहायचं असेल तर बाळ उतरवून.

रॅप थोडा लांब निघाला तर शिंप्याकडून कापून टोकं दुमडून घेता येतात. मध्याची खूण सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी सारखंच कापायला सांगा. पण आणल्या आणल्या कात्री लावू नका. तीन-चार धुणी होऊ द्या. तोवर कापड आटायचं तेवढं आटतं, तुमचा बांधायचा हातही बसतो. त्यानंतरही टोकं गुडघ्याखाली येत असतील तर कापा.